खान्देशातल्या घरात कपड्यांशिवाय राहायचं असेल तर आधी नजर कुठून येते ते शोधा

आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पुरुष मंडळी काय घालून घरात फिरतात ते मी सांगायची गरज नाही. बनियन, पट्ट्यापट्ट्याची चड्डी, खांद्यावर रुमाल. आमचे आजोबा तर दुपारभर ओट्यावर उघडे बसायचे, येणारेजाणारे राम राम करायचे, कुणाला काही वाटायचं नाही. "उघडं बसणं" हा शब्दच आपल्या भाषेत वाईट नाही, वाईट आहे तो पुढचा शब्द, जो आपण शिवी म्हणून वापरतो. आणि नॅचरिस्ट माणूस त्या दोन शब्दांच्या मधे कुठंतरी राहतो, म्हणजे कपड्यांशिवाय साध्या रोजच्या गोष्टी करायच्या, पेपर वाचायचा, झाडांना पाणी घालायचं, दुपारी पडायचं, बस. त्यात चावट काही नाही, आणि ज्याला तसं काही पाहिजे त्यानं हा लेख इथंच सोडावा.

मी जळगावात अल्युमिनियम सेक्शनचं काम करतो, स्लायडिंग खिडक्या, पार्टिशन, जाळीचे दरवाजे. वीसेक वर्षं लोकांच्या घरात काचा बसवतोय आणि स्वतःच्या घरात सातआठ वर्षं असा राहतोय. त्यामुळं जे सांगतो ते थोडं धंद्यातलं आणि थोडं चुका करून शिकलेलं.

हे फॅड परदेशातून आलंय असं वाटत असेल तर एक गंमत सांगतो. जगातला पहिला नॅचरिस्ट क्लब म्हणून ज्याची नोंद सापडते तो आपल्या ठाण्यातला, १८९१ सालचा. चार्ल्स क्रॉफर्ड नावाचा तिथला इंग्रज जज, आणि सगळे मिळून सदस्य तीन! जर्मनीत हॅम्बुर्गजवळ पहिलं असं पार्क निघालं ते १९०३ ला, म्हणजे ठाण्यानंतर बारा वर्षांनी. पुढं १९७४ साली फ्रान्समधे आग्द गावी आंतरराष्ट्रीय संघटनेनं नॅचरिझमची व्याख्या केली त्यात स्वतःचा मान, दुसऱ्याचा मान आणि निसर्गाचा मान अशा तिन्ही गोष्टी आहेत. मला यातली मधली सगळ्यात महत्त्वाची वाटते. शेजारच्या काकूंना तुम्ही दिसायचं नाही ही जबाबदारी तुमची, काकूंनी मान फिरवायची हे काही त्यांचं काम नाही. आणि मांगीतुंगीला दिगंबर मुनी असतात म्हणून आपणही, असला वाद घरात घालू नका, ते व्रत आहे, सगळ्याचा त्याग केलेला असतो त्यांनी, आपण कूलर लावून पडणारी माणसं.

कायद्याचं थोडक्यात

स्वतःच्या घरात, बंद दाराआड कपडे घालू नयेत असं वाटलं तर ते गुन्हा ठरवणारा कायदा नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ जजांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमतानं सांगितलंय. पण घर माझं म्हणजे मी खिडकीत उभा राहीन, असं चालत नाही. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चं कलम ११० बघा, रस्त्यावरून किंवा सार्वजनिक जागेवरून दिसेल अशा रीतीनं मुद्दाम अंगप्रदर्शन केलं तर ते घराच्या आतून केलेलं असलं तरी त्यात बसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याचं, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि एखाद्या बाईचा अपमान करायच्या हेतूनं केलं असं ठरलं तर प्रकरण फार वर जातं, कलम ७९, तीन वर्षांपर्यंत.

उलट बाजूनंही कायदा आहे. कुणी तुमचा गुपचूप फोटो काढला तर आयटी कायद्याचं ६६ई आहे, ते बाई-पुरुष दोघांना लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पहिलं काम घरातल्या माणसांशी

काच, पडदा, गच्चीवरचं जाळीचं नेट सगळं नंतर. मी आधी हे केलं नाही आणि पंधरा दिवस घरात अबोला होता. बायकोला वाटलं याला काहीतरी झालंय, डोक्यावर परिणाम. तिला मी एका संध्याकाळी चहा घेताना नीट सांगितलं की मला घामोळ्यांचा त्रास होतो, कापड अंगाला चिकटलं की चिडचिड होते, उघडं राहिलं की झोप लागते, यापलीकडं काही नाही. ती म्हणाली, "दार लावून काय करायचं ते करा, पण मला आग्रह करू नका आणि माझ्या माहेरचं कुणी असलं की हे बंद." करार इतकाच, आजपर्यंत तोच चालू आहे. ती तिच्या सुती गाऊनमधे खुश.

तर बोलताना तीन गोष्टी ठरवून घ्या. कुठली खोली, कुठली वेळ, आणि कोण घरात असताना नाही. आमच्याकडं मुलं घरात असली की अंगावर कपडे, यावर चर्चाच नाही, मुलं शाळा-क्लासला गेली की माझी वेळ. आई-वडील एकत्र राहत असतील तर वरची खोली घ्या नाहीतर विचार सोडा, खालच्या मजल्यावर आई दर दहा मिनिटाला "अरे जरा ऐक" करत येते आणि तिला कडी वाजवायची सवय नसते. धुणंभांडीवाल्या मावशींची वेळ म्हणजे पूर्ण कपडे, पाच मिनिटं आधीपासून. त्या लवकर आल्या तर चूक आपली धरायची.

नजरेची रेष कशी शोधायची

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळे हेच सोडतात, डायरेक्ट पडदे आणायला जातात.

रात्री आठनंतर ज्या खोलीत राहायचंय तिथं एक साधा बल्ब वायरला लावून धरा, आधी बसल्यावर खांदा येतो त्या उंचीला, मग उभं राहिल्यावर कमर येते त्या उंचीला. बाकी लाइट बंद, पडदे उघडे. आता घरातल्या कुणालातरी बल्ब धरायला सांगून तुम्ही बाहेर फिरा. रस्ता, मागची बोळ, शेजाऱ्याचं गेट, तुमचा स्वतःचा जिना. जिथून बल्ब दिसला तिथून तुम्ही दिसणार, साधा हिशोब आहे. प्रत्येक जागा कागदावर लिहा. मला वाटलं होतं दोन जागा निघतील, निघाल्या सात, त्यात एक म्हणजे समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीची शिडी! रोज कुणी चढत नाही, पण टाकी भरली का बघायला पोरगा चढतोच.

दिवसा गच्चीसाठी बल्बच्या जागी लाल रुमाल काठीला बांधा आणि शेजाऱ्याकडं काहीतरी निमित्त काढून त्याच्या गच्चीवर जाऊन बघा. "नाना, तुमच्याकडून आमच्या टाकीचा लेव्हल बघू द्या" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

काच आणि पडदा

इथं मी स्वतः फसलोय म्हणून जरा लांबण लावतो. आरशासारखी दिसणारी रिफ्लेक्टिव्ह काच किंवा फिल्म, लोक तिला वन-वे म्हणतात. गिऱ्हाइकाला मी स्वतः विकायचो, "आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून काही नाही." माझ्या खोलीला तीच लावली आणि निश्चिंत. दोन रात्रींनंतर सकाळी शेजारचे नाना म्हणाले, "भाऊ, रात्री उशिरापर्यंत जागा होता वाटतं, लाइट चालू दिसला, पंखा पण पुसून राहिला होता." आता पंखा पुसताना मी कसा होतो ते मला माहीत, आणि नानांना पण माहीत असावं, कारण ते पंख्याकडं बघून बोलत नव्हते. देव माणूस, पुढं एक शब्द नाही काढला.

तर या काचेचं गणित असं की ज्या बाजूला उजेड जास्त त्या बाजूचं दिसतं. दिवसा बाहेर ऊन, आत सावली, म्हणून बाहेरच्याला आरसा. रात्री तुम्ही लाइट लावला की तुमच्या बाजूला आरसा आणि बाहेरच्याला सिनेमा. त्यामुळं ही काच फक्त दिवसापुरती, रात्री मागं जाड पडदा पाहिजेच.

दुसरी पिनहेड काच, बाथरूमला असते ती दाणेदार. ही दिवसरात्र चालते पण माणूस काचेला चिकटून उभा राहिला तर अंगाचा रंग आणि आकार कळतो, तीन-चार फूट लांब असला की नुसता धब्बा. तिसरी फ्रॉस्टेड. घासून केलेली फ्रॉस्टेड काच ओली झाली की बरीचशी पारदर्शक होते, म्हणून खरखरीत बाजू पाण्याकडं येऊ द्यायची नाही, किंवा सरळ साध्या काचेला फ्रॉस्टेड फिल्म लावायची. ती घरी लावता येते, काच ब्लेडनं साफ करा, स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि दोन थेंब शाम्पू, काच भिजवून फिल्म चिकटवा आणि रबरी पट्टीनं मधून कडेला पाणी काढा. सकाळी थंड वेळेला करा, दुपारच्या तापलेल्या काचेवर पाणी लगेच उडतं आणि फुगे राहतात. माझं मत विचाराल तर फ्रॉस्टेड फिल्म आणि मागं एक सुती पडदा, विषय संपला, महागड्या काचेच्या नादी लागू नका, माझाच धंदा असून सांगतो.

पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दोन्हीकडं सहा-सहा इंच जास्त घ्या. कापड बरोबर मापाचं शिवलं की पंख्याच्या वाऱ्यानं कडेला फट पडते आणि बाहेरून फटीतूनच बघितलं जातं. वरच्या झरोक्याला पण फिल्म, तो सगळे विसरतात.

आता आपल्याकडची खास अडचण, कूलर. डेझर्ट कूलर खिडकीत बसवायला एक शटर काढून टाकतो आपण आणि कडेनं पुठ्ठा, थर्माकोल, जुनी चादर काहीतरी कोंबतो. ती सगळ्यात मोठी गळती. तिथं प्लायवूडचा तुकडा मापात कापून, मधे कूलरच्या तोंडाएवढं भोक पाडून बसवा, कडेला फोमची पट्टी. आणि कूलरला समोरून हवा बाहेर जायला वाट लागते, सगळं बंद केलं तर खोलीत दमट होऊन चिकचिक, मग कपडे काढूनही उपयोग नाही. म्हणून समोरच्या खिडकीला लूवर लावा, पट्ट्या बाहेरच्या बाजूला खाली झुकलेल्या. हवा जाते, समोरून दिसत नाही, खालून कुणी वर बघितलंच तर त्याला तुमचं छत दिसेल.

दार

आतून कडी पाहिजे, नुसतं लॅच नको. डोअर आय, म्हणजे दारातून बाहेर बघायचं भिंगाचं भोक, असेल तर बाहेरून पण त्यातून थोडं कळतं, आतल्या बाजूनं झाकण लावा. आणि दाराच्या मागं एक खुंटी, तिच्यावर लुंगी आणि ढगळा शर्ट कायम लटकलेला. गाठ मारायची लुंगी घाईत सुटते, मी शिवलेली इलॅस्टिकची घेतलीय. दूधवाला, गॅस सिलिंडरवाला, कुरिअर, आणि वर्गणीवाली पोरं, यांना "आलो, एक मिनिट" एवढं ओरडायला वेळ मिळाला पाहिजे. घड्याळ लावून बघा, बेल वाजल्यापासून दार उघडेपर्यंत वीस सेकंदात कपडे झाले पाहिजेत. हसू नका, मी प्रॅक्टिस केलीय.

गच्ची

उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं हे आपल्या अंगातच आहे, त्यामुळं मोह होतोच. पण आपल्या कॉलन्यांमधे गच्चीला गच्ची चिकटलेली असते आणि कठडा साडेतीन फूट. लोकांना वाटतं गच्चीच्या मधोमध बसलं की सगळ्यांपासून लांब. उलट आहे! शेजारी त्याच उंचीच्या गच्चीवर दहा फुटांवर उभा असेल तर त्याची नजर साधारण पाच फुटांवरून तुमच्या कठड्यावरून खाली उतरते, दहा फुटाला दीड फूट. म्हणजे कठड्यापासून दहा फूट आत त्याला दोन फुटाच्या वरचं सगळं दिसतं, पण कठड्याला लागून तीन फुटात तुम्ही चटईवर बसलात तर डोक्याचा केस पण दिसत नाही. तर शेजाऱ्याच्या बाजूच्याच कठड्याला टेकून बसायचं. पण खाट टाकली तर उंची वाढते, उठून उभं राहिलं तर दिसलातच, आणि शेजाऱ्याचं घर एक मजला जास्त असेल तर हा हिशोब अजिबात चालत नाही, त्याला वरून सगळी गच्ची दिसते.

मग वरून आडोसा पाहिजे. हिरवं शेडनेट ९० टक्क्यांचं घ्या, ५० टक्क्यांचं भाजीपाल्याला ठीक आहे. दोन थर, एकाची वीण आडवी, एकाची उभी. चार जीआय पाईप, नायलॉनची दोरी, कडेला रिंगा मारून घ्या. नेट पक्कं ठोकू नका, दोरीनं ओवून बांधा, कारण पावसाआधीची वादळं येतात तेव्हा पक्कं बांधलेलं नेट पाईप घेऊन जातं, केळीवाल्यांना विचारा. रात्री नेटच्या आत लाइट लावायचा नाही, काचेचा नियम नेटलाही लागू. आणि लग्नसराईत ड्रोन उडतात, त्याला कठडा समजत नाही, मांडवाचा आवाज आला की खाली.

ऊन आणि अंग

एक गैरसमज. ४४-४५ डिग्रीत कपडे काढले की गार वाटेल असं नाही. कातडीचं तापमान ३३ ते ३५ च्या आसपास असतं, बाहेरची हवा त्याहून गरम झाली की उघड्या अंगात उष्णता शिरतेच. म्हणून तर आपले शेतकरी कान-डोकं रुमालानं बांधून फिरतात, उघडे नाही. तेव्हा मे महिन्याची दुपार फक्त आत, कूलरसमोर. ऊन घ्यायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा पाचनंतर, आणि सुरुवात दहा मिनिटांनी, कारण जे अंग जन्मात ऊन बघितलेलं नाही ते फार लवकर भाजतं. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, दर दोन तासांनी परत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडं थंडी पण चांगली कडक पडते, तेव्हा गपचूप स्वेटर घाला, कुणी मेडल देणार नाही.

बसायचं कायम स्वतःच्या टॉवेलवर, सोफा असो, खुर्ची असो, जगभर नॅचरिस्ट लोकांचा हा पहिला शिष्टाचार आहे आणि बायकोचं पहिलं भांडण यावरूनच मिटतं. प्लास्टिकची खुर्ची अंगाला चिकटते, गच्चीतला कडप्पा भाजतो, हात लावून मगच बसा. खेड्यात असाल तर विंचू, टॉवेल झटकल्याशिवाय बसू नका. संध्याकाळी डास, आणि डेंग्यूचे दिवसा चावतात, खिडकीला जाळी पाहिजेच. आणि गॅससमोर उघड्यानं फोडणी द्यायची नाही. मोहरी तडतडली की कळतं कशाला नाही म्हणतो ते, मी एकदा वांग्याच्या भरिताची फोडणी दिली होती, पुढचं सांगत नाही. लांब एप्रन घ्या नाहीतर सरळ कपडे घाला.

मोबाईल

घरात सीसीटीव्ही लावला असेल तर त्या खोलीत आणि तिथपर्यंतच्या वाटेवर नको, ते फुटेज कुणाकुणाच्या मोबाईलवर दिसतं आठवून बघा, माझ्याकडं मेव्हण्याच्या पण होतं. शेजाऱ्याचा कॅमेरा तुमच्या गच्चीकडं वळलेला असेल तर भांडू नका, "आमच्या बायका वाळवण घालतात, जरा फिरवा" म्हटलं की फिरवतात. व्हिडिओ कॉल त्या वेळेत घेऊच नका. आणि स्वतःचे फोटो काढू नका, काढले तर ते क्लाउडला जातात आणि घरातल्या टीव्हीवर दिवाळीच्या फोटोंमधे येतात. असले फोटो पुढं पाठवणं, टाकणं हा आयटी कायद्याच्या ६७ मधे गुन्हा ठरू शकतो, तुमचे स्वतःचे असले तरी.

शेतात जमेल का

बऱ्याच जणांचा प्रश्न. यावल-रावेरकडं केळीची बाग बघितली की वाटतं यापेक्षा आडोसा कुठं मिळणार. मी सासऱ्यांच्या मळ्यात हा विचार करून बघितलाय, नाही जमत. शेती पंपाला लाइट बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळं रात्री दोनला पण कुणीतरी बॅटरी घेऊन पाणी बदलायला फिरत असतं. केळी कापायला टोळी आली की व्यापाऱ्याचा माणूस, ट्रॅक्टर, दहा-बारा जण न सांगता हजर. आणि बाग कापली की पडदाच गेला. कापसाच्या वेचणीला तर बायाच बाया. शेतातच पाहिजे असेल तर विहिरीपासून आणि वाटेपासून लांब, चारी बाजूनं पक्की भिंत आणि कडी असलेली न्हाणी बांधा, वर आकाश. भिंतीबाहेर शेवरी लावा, केळीला वाऱ्यासाठी लावतात तीच, भराभर वाढते आणि कुणाला शंका येत नाही.

भाड्यानं राहत असाल तर पाईप-नेटच्या भानगडीत न पडता फिल्म आणि पडदा, दोन्ही जाताना काढून नेता येतात.

बाकी गच्ची वर्षभर आपली नसते हे लक्षात ठेवा. होळी झाली की बिबडे, पापड, कुरडया सुरू, गल्लीतल्या सगळ्या बाया सकाळी सहाला आमच्याच गच्चीवर, कारण ऊन आमच्याकडं जास्त येतं. नेट मी होळीच्या आदल्या दिवशी स्वतःच काढतो. मग आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहिणी माहेरी येतात, पोरंबाळं, झोके, घर भरलेलं, तेव्हा वरच्या खोलीची किल्ली पण मी बहिणींना देऊन टाकतो आणि आठ-दहा दिवस सदरा-पायजमा. त्या गेल्या की पाईप पुसायचे, नेट परत ओवायचं. गेल्या वर्षी दोन हूक गंजून तुटलेले निघाले, यंदा स्टीलचे आणून ठेवलेत.